वाफेच्या इंजिनाची शिट्टी हवेवर वाजवताना सूर का उतरतो? (मापं, दुरुस्ती, रेकॉर्डिंग)

घाटबँकर

उघड्यावर कायमचं उभं केलेलं एक जुनं इंजिन आहे. त्याची पितळी शिट्टी कॉम्प्रेस्ड हवेवर वाजवायची आहे. बॉयलर बाद असल्यामुळे वाफेचा प्रश्नच नाही. शिट्टी उतरवून, साफ करून मापं घेतली आहेत.

घंटेचा (वरून बंद असलेल्या नळीचा) आतला व्यास ७५ मिमी. चिरेपासून (जिथून हवेची धार वर येते ती फट) घंटेच्या छतापर्यंत २८० मिमी, त्यात तोंडाची, म्हणजे चीर आणि घंटेची खालची कड यांतल्या मोकळ्या जागेची, उंची ३० मिमी. गोल चीर साधारण ०.५ मिमी रुंद. घंटा मधल्या दांड्यावर आट्यांनी बसते, वर चेकनट (घंटा जागेवर घट्ट धरणारा नट) आहे.

हवेसाठी २ एचपीचा कॉम्प्रेसर, १६० लिटरची टाकी, ८ बार. टाकीपासून शिट्टीपर्यंत पाव इंची होज आणि क्विक कपलर.

सध्या नुसता फुसफुसाट होतो. मधूनच एक घोगरा सूर धरतो, ट्यूनरवर ३०० हर्ट्झच्या आसपास. आवाज का धरत नाही, आणि हा सूर वाफेवर वाजायचा तोच आहे का, हे दोन प्रश्न आहेत.

टर्नर_अण्णा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मापांतच आहे. चिरेचं क्षेत्रफळ काढा: ३.१४ × ७५ × ०.५, म्हणजे जवळपास ११८ चौ. मिमी. पाव इंची होजचा बोअर ६ मिमी धरला तर त्याचं क्षेत्रफळ २८ चौ. मिमी. कपलरचं भोक त्याहून बारीक. म्हणजे हवा शिट्टीच्या चिरेत नव्हे, होजमध्येच अडते. टाकीवरचा गेज ८ बार दाखवत असला तरी वाटीत (घंटेखालच्या भागात, जिथे हवा आत येते) अर्धा बारही पोचत नसेल. वाटीलाच एक छोटा गेज लावून वाजवून बघा, लगेच कळेल.

नियम सोपा आहे. टाकीपासून वाटीपर्यंत प्रत्येक ठिकाणचं भोक चिरेच्या किमान दुप्पट हवं. व्हॉल्व, रेग्युलेटर, एल्बो, कपलर, सगळं यात आलं. एका जागी अरुंद राहिलं की बाकीची मोठी पाइप फुकट जाते.

पण नुसती होज बदलूनही भागणार नाही. ०.५ मिमीची चीर ६ बारवर चालवायची तर सेकंदाला १६० लिटरच्या आसपास मोकळी हवा लागते. तुमचा कॉम्प्रेसर देतो सेकंदाला तीन-साडेतीन लिटर. टाकी ८ वरून ६ बारवर येईपर्यंत ३२० लिटर मिळतात. म्हणजे दोन सेकंदांत खेळ खलास. ही चीर इंजिनाच्या बॉयलरसाठी आहे, गॅरेजच्या टाकीसाठी नाही.

घाटबँकर

मग मोठी टाकी आणू की चीर लहान करू?

टर्नर_अण्णा

चीर लहान करा, पण मूळ भागाला हात न लावता. वाटीच्या कडेत आणि मधल्या चकतीत जी फट राहते तीच चीर. मूळ चकती काढून नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा. लेथवर पितळेची नवी चकती बनवा, व्यास मूळ चकतीपेक्षा ०.६ मिमी जास्त. दोन्ही बाजूंनी ०.३ भरलं, चीर ०.२ मिमी राहिली. क्षेत्रफळ झालं ४७ चौ. मिमी. त्याच्या दुप्पट म्हणजे ९५, आणि अर्धा इंची होजमध्ये साधारण १२५ मिळतात. काम झालं. कपलर मात्र काढून टाका, सरळ आट्यांचं जोडकाम करा.

रेग्युलेटर २ बारवर ठेवा. रेग्युलेटरही अर्धा इंचीच घ्या, स्प्रे-गनचा छोटा चालणार नाही. या जोडणीत सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा जाते. टाकी ८ वरून २ बारपर्यंत उतरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ मिळतो, म्हणजे चार-पाच लांब शिट्ट्या आरामात.

चकती बसवताना घाई करू नका. चीर सगळीकडे सारखी नसेल तर एका बाजूने जाड धार आणि दुसरीकडे नुसती झुळूक, सूर फाटतो. ०.२० चं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पूर्ण फेरीत फिरलं पाहिजे आणि ०.२५ कुठेच शिरता कामा नये. आट्यांत खेळ असेल तर चकतीला वाटीत बसणारी खांदी काढा, केवळ मधल्या नटाच्या भरवशावर केंद्र राहत नाही.

मग घंटेचा ओठ, म्हणजे तिची खालची कड. वरून बघितलं तर ओठाची धार बरोबर चिरेच्या माथ्यावर यायला हवी. ओठाला बाहेरून उतार आणि खाली स्वच्छ धार. मार लागून धार दुमडली असेल तर बारीक कानशीने हलक्या हाताने उचला. घासून गोल करू नका.

लोकोशेड_११

अण्णांच्या बोलण्यात एक भर. २ बारवर ३० मिमीचं तोंड जास्त होईल. तोंडाची उंची आणि दाब यांची जोडी असते. जास्त दाबाच्या धारेला उंच तोंड लागतं, कमी दाबाची धार तेवढ्या उंचीवर ओठापर्यंत पोचेस्तोवर विस्कटते. उलट तोंड फार कमी आणि दाब जास्त असेल तर शिट्टी मूळ सूर सोडून वरच्या सुरावर उडी मारते. वरून बंद असलेल्या नळीत ती उडी तिप्पट कंपनसंख्येवर जाते, म्हणून किंकाळीसारखा आवाज येतो.

चेकनट सैल करून घंटा दांड्यावरून खाली फिरवा. २२ मिमीपासून सुरुवात करा. फुसफुसत असेल तर अर्धा फेरा खाली, किंकाळत असेल तर अर्धा फेरा वर. मिळालं की चेकनट कसा. सैल घंटा खडखडते आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये फार ऐकू येतो.

गांधारपंचम

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सूर तोच नाही, आणि हवेवर तो होणारही नाही.

घंटा ही एका टोकाला बंद नळी. तिचा सूर = ध्वनीचा वेग ÷ (४ × प्रभावी लांबी). आपल्याकडच्या हवेत वेग सेकंदाला ३४९ मीटर धरा (३० अंशांना). घंटेत पसरलेल्या गरम वाफेत तो ४९० च्या घरात असतो. लांबी तीच, वेग बदलला, सूर बदलला. ४९० भागिले ३४९ म्हणजे १.४. तुमचे ३०० हर्ट्झ वाफेवर ४२० च्या आसपास वाजायचे.

हे अंतर जवळजवळ सहा अर्धस्वरांचं आहे. हवेवरच्या सुराला षड्ज मानलं तर वाफेचा सूर त्याच्या तीव्र मध्यमावर. म्हणून हवेवर वाजवलेली शिट्टी ऐकून जुनी माणसं म्हणतात, ‘ही आपली नाही’. त्यांचा कान बरोबर आहे.

प्रत्यक्षात वाफेत थोडी बाहेरची हवा ओढली जाते, त्यामुळे अंतर पाच ते सहा अर्धस्वरांत कुठेही पडू शकतं. शिवाय दाब वाढला की सूर थोडा चढतो. म्हणून ‘अमुक इंजिनाची शिट्टी अमुक सुरात’ असं विधान दाब सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

घाटबँकर

मग घंटा कापून छोटी केली तर?

टर्नर_अण्णा

अजिबात नको! जुन्या घंटेला करवत लावायची नाही.

गांधारपंचम

आतून डट्टा घाला, तो पुन्हा काढता येतो. हिशेब असा. हवेवर ४२० हर्ट्झसाठी प्रभावी लांबी ३४९ ÷ १६८० = २०८ मिमी. तुमची मोजलेली लांबी २८०, पण ३०० हर्ट्झ वाजते म्हणजे प्रभावी २९१. तोंडापाशी ११ मिमीची भर पडते आहे. ती वजा केली की चिरेपासून डट्ट्यापर्यंत १९७ मिमी. घंटा २२ च्या तोंडावर खाली आणल्यावर छत २७२ वर येईल, म्हणजे डट्टा ७५ मिमी जाड.

सुरुवात ७० ने करा. नायलॉनचा गोल ठोकळा, मधोमध दांड्यासाठी भोक, बाहेरून आणि भोकात ओ-रिंग. छत आणि डट्ट्याच्या मध्ये एक-एक मिमीच्या चकत्या घालत जा. या लांबीला एका मिमीमागे सुमारे २ हर्ट्झ सूर चढतो. आधी तोंड पक्कं करा, मगच लांबी. तोंड हललं की सूर हलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

ओ-रिंग चुकवू नका. डट्ट्याभोवती फट राहिली तर मागची ७५ मिमीची पोकळी सुरात मिसळते आणि आवाज बसका होतो.

वाफवेडी

डट्ट्याला माझा विरोध नाही, पण तो घातलाय हे तिथल्या पाटीवर लिहिलं जावं. लांबी आणि व्यासाचं गुणोत्तर बदललं की सुराबरोबर पोतही बदलतो. लांब, अरुंद घंटेत वरचे सूर जास्त असतात, आखूड घंटा गोल आणि पोकळ वाजते. ऐकणाऱ्याला कंपनसंख्या मूळची मिळेल, आवाज पूर्ण मूळचा मिळणार नाही. एक ओळ पुरे: ‘हवेवर, आखूड केलेल्या घंटेतून’.

सिग्नल_डाऊन

उत्तम धागा. एका सुराच्या आणि अनेक सुरांच्या शिट्ट्यांबद्दलही कोणीतरी लिहा. ब्रिटनमधल्या ए-४ इंजिनांचा तो त्रिसुरी आवाज नेमका कसा काढतात?

गांधारपंचम

मॅलार्ड हे प्रसिद्ध इंजिन ज्या वर्गातलं, तो ग्रेस्ली या अभियंत्याचा ए-४ वर्ग १९३५ पासूनचा. त्यांना क्रॉसबी पद्धतीची चाइम, म्हणजे अनेक सुरांची, शिट्टी होती. बाहेरून एकच घंटा दिसते, आत उभ्या पडद्यांनी कप्पे केलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याचं छत वेगळ्या उंचीवर. खाली चीर एकच, सगळे कप्पे एकदम वाजतात. ब्रिटिश रेल्वेच्या ब्रिटानिया वर्गालाही चाइम होती. त्याच देशात ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या इंजिनांवर दोन वेगळ्या शिट्ट्या असत, एक नेहमीची उंच सुराची आणि दुसरी खर्जातली, गार्डला ब्रेकची सूचना देण्यासाठी. एलएमएस या दुसऱ्या कंपनीसाठी स्टॅनियरने आखलेल्या इंजिनांचा तर भोंग्यासारखा एकच खोल सूर. डोळे मिटून कंपनी ओळखता येते ती यामुळे.

बनवायची असेल तर ४:५:६ हे गुणोत्तर धरा, म्हणजे षड्ज, शुद्ध गांधार, पंचम. हवेवर ३३० हर्ट्झचा षड्ज हवा असेल तर प्रभावी लांब्या २६४, २११ आणि १७६ मिमी. पियानोचा किंवा हार्मोनियमचा गांधार घेऊन लावू नका, तो चढा असतो. एकत्र वाजवल्यावर स्पंदनं येतात आणि आवाज थरथरतो. तंबोरा लावणाऱ्याच्या कानाने लावा.

टर्नर_अण्णा

चाइममध्ये बहुतेक वेळा बिघडतं ते पडद्यांचं सोल्डर. दोन कप्प्यांमध्ये केसाएवढी गळती असली तरी एक सूर गळतो किंवा मधलाच काहीतरी तिसरा वाजतो. तपासणी सोपी: घंटा उलटी धरा, एकच कप्पा पाण्याने काठोकाठ भरा, पाच मिनिटं ठेवा. पाण्याची पातळी उतरली किंवा शेजारचा कप्पा ओला झाला की जागा सापडली. वाफेवर चालणार असेल तर साधं शिशाचं सोल्डर वापरू नका, चांदीच्या सोल्डरने जोडा.

सगळे कप्पे ठीक असून एकच सूर मुका असेल तर त्या कप्प्याखालची चीर बघा. तिथे मळ किंवा पॉलिशची पेस्ट अडकलेली असते.

लोकोशेड_११

आता प्रत्यक्ष वाफेवर वाजवणाऱ्यांसाठी थोडं.

थंड शिट्टी पहिल्या क्षणी खाली आणि थरथरत वाजते, मग सूर चढत जागेवर येतो. कारण पहिली वाफ थंड पितळेवर पाणी होऊन बसते आणि घंटेत अजून हवाच असते. वाजवण्याआधी व्हॉल्व किंचित उघडून वाफ नुसती झिरपू द्या, घंटा हाताला सोसवणार नाही इतकी तापली की मग ओढा.

वाटीच्या तळाला दीड-दोन मिमीचं निचऱ्याचं भोक असायला हवं. ते बुजलं की गुळण्या ऐकू येतात आणि उकळतं पाणी आजूबाजूला उडतं. शिट्टीखाली उभं राहू नये ते यासाठी. वाफेची पाइप डोमच्या (बॉयलरवरच्या घुमटाच्या) माथ्यावरून घ्या आणि तिला लॅगिंग करा, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण गुंडाळा. पाइपला मध्ये झोल नको, झोलात पाणी साचतं.

छोट्या मॉडेल-इंजिनावर लांब पाइप नेऊन शिट्टी पुढे लपवतात, तिथे हाच त्रास होतो.

कायद्याचं: २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही. त्यापुढे एक बारपेक्षा जास्त दाबाचं काहीही करायचं असेल तर महाराष्ट्रात बाष्पके संचालनालयाची नोंदणी आणि तपासणी लागते. लहान बॉयलरलाही सेफ्टी व्हॉल्व आणि पाण्याच्या दाबाची चाचणी हवीच, कायदा सांगो न सांगो.

सिग्नल_डाऊन

हवेवाल्यांसाठीही: घरगुती पीव्हीसी पाइपची टाकी किंवा घंटा कोणी करू नये. पीव्हीसी दाबाखाली फुटतं तेव्हा त्याच्या धारदार कपच्या उडतात. आणि कानांना मफ लावा, जवळून ही शिट्टी कान बधिर करते.

वाफवेडी

रेकॉर्डिंगवरून सूर काढणाऱ्यांसाठी, कारण यात फार घोळ घातला जातो.

चालत्या गाडीची शिट्टी तिच्या खऱ्या सुरात ऐकू येत नाही. येताना चढी, जाताना उतरी. ताशी ६० किमी वेगाला दोन्हींत मिळून दीड अर्धस्वराहून जास्त फरक पडतो. एकाच दाबाने वाजवलेली शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना, दोन्ही मिळाली तर खरा सूर काढता येतो: दोन्ही आकड्यांचा गुणाकार दुप्पट करा आणि बेरजेने भागा.

उदाहरण: येताना ४६२, जाताना ४२०. गुणाकाराची दुप्पट ३,८८,०८०, बेरीज ८८२, उत्तर ४४० हर्ट्झ. गाडीचा वेगही मिळतो: ३४९ × (४६२ − ४२०) ÷ ८८२ = सेकंदाला १६.६ मीटर, म्हणजे ताशी ६० किमी. हे रुळालगत उभं राहून केलेल्या रेकॉर्डिंगला लागू. रुळापासून लांब असाल तर गाडी बरीच दूर असतानाचेच तुकडे घ्या, बाजूने जातानाचे नकोत.

जुन्या कॅसेटचा वेग चुकलेला असतो. मागे विजेची गुणगुण रेकॉर्ड झाली असेल तर ती ५० हर्ट्झवर आहे का बघा. ५२ दिसली तर कॅसेट चार टक्के जलद आहे. पण ती गुणगुण मूळ रेकॉर्डिंगमधलीच आहे याची खात्री करा. संगणकावर उतरवताना शिरलेली गुणगुण नेहमी बरोबर ५० वरच दिसेल आणि फसवेल. बॅटरीवरच्या रेकॉर्डरवर तर मूळची गुणगुण नसतेच.

मायक्रोफोनची पातळी शिट्टी वाजण्याआधीच बरीच खाली ठेवा. चाकांच्या आवाजावर पातळी लावली तर शिट्टीचे माथे छाटले जातात आणि आलेखात नसलेले सूर दिसू लागतात. ऑटो गेन (पातळी आपोआप बदलणारी सोय) बंद.

कुर्डुवाडीकर

सुराबरोबर शिट्टीची भाषाही नोंदवा. नुसती ‘शिट्टी, २० सेकंद’ अशी नोंद निरुपयोगी.

भारतीय रेल्वेच्या संकेतांतले काही: एक छोटी, म्हणजे पुढचं इंजिन निघायला तयार, बँकर (मागून ढकलणारं इंजिन) तशीच एक छोटी देऊन पोच देतो. तीन छोट्या, गार्डने ब्रेक लावावा. एक लांब एक छोटी, गार्डने ब्रेक सोडावा. चार छोट्या, अपघात किंवा बिघाडामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही. दोन छोट्या एक लांब, साखळी ओढली गेली आहे. सलग लांब, फाटक किंवा बोगदा जवळ आला. रुळाकडेला ‘सी/फा’ची (सीटी/फाटक) पाटी असते ती याचसाठी. सारख्या तुटक छोट्या, धोका. अमेरिकन रेकॉर्डिंगमध्ये फाटकासाठी दोन लांब, एक छोटी, एक लांब ऐकू येईल.

हे जिवंत ऐकायचं तर निलगिरीला मेट्टुपाळयम ते कुन्नूर या टप्प्यावर जा, त्यात कल्लारपासून पुढे दातेरी रूळ आहेत. तिथे चढताना इंजिन खालच्या बाजूने गाडी ढकलतं आणि डब्याडब्यावर ब्रेकवाले उभे असतात. ब्रेकच्या सूचनांसाठी शिट्टी तिथे अजून कामाची आहे. बसायला इंजिनाजवळचा डबा घ्या, म्हणजे संकेत आणि ब्रेक यांतलं अंतर नीट ऐकू येतं.

घाटबँकर

सर्वांचे आभार. आणखी एकच. सूर हळूहळू चढवत नेण्याची ती अमेरिकन ढब हवेवर जमेल का? सध्या पाव फेऱ्याचा बॉल-व्हॉल्व आहे.

लोकोशेड_११

बॉल-व्हॉल्वने नाही जमणार, तो एकदम उघडतो. केसी जोन्स या अमेरिकन इंजिनचालकाची सहा नळ्यांची शिट्टी तिच्या त्या चढत्या-उतरत्या सुरासाठीच इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मार्गावर ओळखली जायची. ते सगळं हाताने व्हॉल्व थोडाथोडा उघडण्यावर चालतं: दाब वाढेल तसा सूर चढतो.

लीव्हरने उचलला जाणारा, स्प्रिंगने बंद राहणारा पॉपेट व्हॉल्व (सीटवरून वर उचलली जाणारी झडप) घ्या, अर्धा इंचीच. लीव्हर लांब ठेवा, ३०० मिमी तरी, म्हणजे हाताच्या मोठ्या हालचालीत व्हॉल्व मिलिमीटरभर उचलला जाईल. स्प्रिंग फार कडक नको. व्हॉल्व शिट्टीच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात बसवा. लांब होजच्या दुसऱ्या टोकाला बसवलात तर हात सोडल्यावरही होजमधली हवा संपेपर्यंत शिट्टी रडत राहते आणि शेवट स्वच्छ तुटत नाही.

आणि रेग्युलेटर थोडा वर, अडीच बारला लावा. वरच्या टोकाला किंकाळी निघाली तर तोंड अर्धा फेरा वाढवा.

टर्नर_अण्णा

लीव्हरच्या पिनला पितळी बुश घाला आणि व्हॉल्वच्या सीटला टेफ्लॉन. लोखंडी सीट हवेतल्या पाण्याने गंजते आणि मग दिवसभर शिट्टी फुसफुसत राहते. टाकीचा खालचा कॉक रोज उघडून पाणी काढा.